पुठ्ठ्यावरचा तंजिरो

कापडाच्या दुकानदाराच्या घरात वाढलेल्या मुलांना चित्रं काढायला कागद कधी कमी पडत नाही. शर्टाच्या घडीतून पांढरा पुठ्ठा निघतो, साड्यांच्या खोक्यांची झाकणं निघतात, थानाच्या मधून लांब फळ्या निघतात. सौंसरला माझ्या माहेरी हा माल जिन्याखाली पोत्याने पडलेला असायचा. मी आणि दादा त्यावर पोळ्याचे बैल काढायचो, जामसावळीचा निजलेला मारुती काढायचो. मी गुपचूप सिनेमातल्या नट्याही काढायचे.

शिकवायला मात्र कोणी नव्हतं. काटोलच्या माझ्या मामेबहिणी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या शासकीय रेखाकला परीक्षांना बसायच्या आणि सुट्टीत आल्या की स्थिरचित्र, संकल्पचित्र असे मोठमोठे शब्द आमच्या तोंडावर मारायच्या. ती परीक्षा महाराष्ट्राची. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा नागपूर आणि विदर्भ तिकडे गेले, आमचा छिंदवाडा जिल्हा इकडेच राहिला. घरात मराठी, शाळेत हिंदी. २०२३ साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं, म्हणजे माझं सासर आणि माहेर एका जिल्ह्यात आलं. चित्रकलेची परीक्षा काही सरहद्द ओलांडून आली नाही.

जिन्याखालचे पुठ्ठे आता माझ्या भाचीने ताब्यात घेतले आहेत. दादाची ही धाकटी पोर, पंधरा वर्षांची. तिच्या पुठ्ठ्यांवर बैल नाहीत, मारुती नाही. तिथे टोकदार केसांची, ताटाएवढ्या डोळ्यांची जपानी मुलं उभी असतात. हातात तलवारी. वहिनी म्हणते, "वन्सं, तुम्हीच समजावून सांगा हिला. दहावीचं वर्ष, आणि ही त्या जपान्यांमागे लागली." तुमच्याही घरात असं एखादं पोरगं किंवा पोरगी असेल. म्हणून हा लेख.

अॅनिमे म्हणजे जपानी चित्रमालिका आणि चित्रपट. आपल्या घरात 'डोरेमॉन' आणि 'शिनचॅन' हिंदी बोलत शिरले तेव्हाच तो आला, फक्त त्याला अॅनिमे म्हणतात हे आपल्याला माहीत नव्हतं. आणि फॅन आर्ट म्हणजे आवडलेल्या गोष्टीतलं पात्र आपल्या हाताने पुन्हा काढणं. शब्द इंग्रजी असले तरी काम आपल्या ओळखीचं आहे. आपण पर्युषणात मंदिरात नेमिनाथ-राजुलची रांगोळी काढतो तेव्हा गोष्ट आपली नसते, रंग आपले असतात. राजुलच्या साडीला काठ कोणता द्यायचा हे काढणारी ठरवते. भाची तेच करते.

नकल करते, असं दादा म्हणतो. पण नकलेतूनच हात तयार होतो. अजिंठ्याची चित्रं उतरवून घ्यायला ग्रिफिथ्स साहेब १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना नेत असत, आणि ते काम बारा-तेरा वर्षं चाललं. पुढे १९१६ साली अराई काम्पो नावाचे जपानी चित्रकार भारतात आले आणि त्यांनीही अजिंठ्याच्या भिंतींवरून चित्रं उतरवून नेली. एकेकाळी जपानी माणूस आपल्याकडच्या चित्रांसाठी गुहेत बसला, आता आमची पोर त्यांच्याकडच्या चित्रांसाठी जिन्याखाली बसते. हिशेब बरोबर झाला, असं मी दादाला म्हटलं. तो हसला, पण पटलं नव्हतं त्याला.

त्याची खरी अडचण तलवारीची होती. आपल्या घरात मुंगी वाचवून पाऊल टाकायला शिकवायचं आणि पोरीने दिवसभर मारामारी काढायची? हा प्रश्न मलाही उडवून लावता येईना. भाचीचा सगळ्यात आवडता तंजिरो हा 'डेमन स्लेयर' या मालिकेतला. राक्षस मारणारा मुलगा. मालिकेत रक्त आहे, मुंडकी उडतात. लहान लेकरांनी पाहण्यासारखी ती नाहीच.

याचा निकाल माझ्या आईने लावला. ऐंशीच्या घरातली बाई, सामायिक चुकवत नाही. एका दुपारी ती पुठ्ठा हातात घेऊन बसली होती.

"हा पोट्टा कोन व्हय वं?"

"आजी, तंजिरो. याच्या घरच्यांना राक्षसाने मारलं. बहीण वाचली, पण तीपण राक्षस झाली. तिला परत माणूस करायला हा निघाला."

"डोये एवढे मोठे काहून?"

"जपानी चित्रात असतात, आजी."

"मंग हा मारते त्याहिले?"

"मारतो. पण एक राक्षस मरत होता ना, तेव्हा याने त्याचा हात धरला. आणि देवाला म्हणाला, पुढच्या जन्मी याला राक्षस नको होऊ देऊ."

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुढच्या जन्माचं इचारते? मंग पोट्टा चांगला हाय." आणि पुठ्ठा तिने उन्हातून उचलून आत ठेवला, रंग उडू नये म्हणून.

मोठ्या डोळ्यांचं म्हणाल तर ओसामु तेझुका या जपानी चित्रकाराने ते डिस्नेच्या चित्रांवरून घेतले आणि जपानभर रुजवले. आपल्या जुन्या कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या पाहा. त्यातल्या माणसांचा पलीकडचा डोळा तर थेट चेहऱ्याच्या बाहेर आलेला असतो. मी भाचीला तो फोटो दाखवला. म्हणाली, "आत्या, हे तर आपलं अॅनिमे झालं!"

आता साधनांकडे येते, कारण घरातलं खरं भांडण पैशावरून होतं. भाचीने मोबाइलवर मोठ्या चित्रकारांचे व्हिडिओ पाहिले होते आणि तिला आयपॅड हवा होता. आयपॅड आणि त्याची पेन्सिल मिळून चाळीस हजारांच्या पुढे जातात. दादा म्हणाला, कपाशीचा भाव पडला की आमचं गिऱ्हाईक येत नाही, चाळीस हजार कुठून आणू? पोर रुसली. मग मी मधे पडले. नागपूरला जाऊन विचारपूस केली, भाचीबरोबर बसून स्वतः करून पाहिलं. त्यातून जे कळलं ते सांगते.

पहिलं साधन घरातच आहे. पुठ्ठा, पेन्सिल आणि मोबाइलचा कॅमेरा. चित्र खिडकीजवळ सपाट ठेवायचं, मोबाइल बरोबर वरून धरायचा, आपली सावली पडू द्यायची नाही. डिजिटल चित्राची सुरुवात एवढ्यावर होते. सहा महिने रोज पेन्सिल चालली तर पुढचा खर्च करावा, नाही तर नुसती हौस समजावी.

दुसरी पायरी म्हणजे मोबाइल आणि बोट. 'आयबिस पेंट' नावाचं अॅप २०११ पासून आहे, जपानी कंपनीचं, जाहिराती सोसल्या तर फुकट. त्यात रेघ सरळ करणारी सोय असते. लहानपणी गुरुजी आपला हात धरून 'अ' गिरवून घ्यायचे, तशी ती थरथरता हात धरून ठेवते. शे-दोनशे रुपयांना रबरी टोकाचा पेन मिळतो. तो बोटापेक्षा बरा, पण त्याला दाब कळत नाही. जोरात टेका की हळू, रेघ तेवढीच जाड. दाब ओळखणारा पेन कुठल्याही मोबाइलवर चालत नाही. तो त्याच्यासाठीच बनवलेल्या पडद्यावर चालतो, जसा सॅमसंगच्या काही टॅबबरोबर खोक्यातच येतो. म्हणून आधी मोबाइलचं मॉडेल बघा, मग पेन घ्या. भाचीच्या मैत्रिणीने उलटं केलं आणि तो पेन आता नुसता दप्तरात पडून आहे.

तिसरी पायरी आम्हाला जमली. तिला पेन टॅब्लेट म्हणतात. नावात टॅब्लेट असलं तरी याला पडदा नसतो. पाटीसारखी काळी फळी असते, ती तारेने कॉम्प्युटरला जोडायची. पेन फळीवर चालवायचा आणि चित्र समोरच्या कॉम्प्युटरवर उमटतं. वॅकॉम ही यातली जुनी जपानी कंपनी, ह्युऑन आणि एक्सपी-पेन या चिनी. लहान फळी दोन ते चार हजारांत येते. या फळ्यांचा पेन बहुधा चार्ज करावा लागत नाही. माहितीत अँड्रॉइड लिहिलेलं असेल तर ती छोट्या जोडणीने मोबाइललाही लागते.

सीताबर्डीच्या एका दुकानात आम्हाला सांगितलं की हिचा पेन दाबाच्या ८,१९२ पायऱ्या ओळखतो, तिचा फक्त २,०४८, म्हणून महाग घ्या. भाचीला दोन्ही चालवून बघू दे म्हटलं. तिला फरक कळला नाही. मग आम्ही स्वस्त घेतली. तिचे राखीचे साठवलेले १,४०० रुपये आणि वरचे माझे. पडद्याची फळीही तिथे होती, किंमत चौपट. ती सुंदर असते, पण नवशिक्या हाताला तिची गरज नाही.

पडदा नसलेल्या फळीची एक अडचण सांगून ठेवते, नाही तर पोरं पहिल्या दिवशीच रडतात. हात खाली चालतो, डोळे समोर असतात, त्यामुळे रेघ भलतीकडे जाते. भाची म्हणाली, "आत्या, पैसे वाया गेले." मी तिला शिलाई मशीनवर बसवलं. पाय खाली, हात कापडावर, डोळे सुईवर. पहिल्या दिवशी कोणाला जमतं? आठवड्यात जमतं. तिला फळी जमायला तीन आठवडे लागले.

फळी जोडली दुकानाच्या बिलिंगच्या कॉम्प्युटरला. आठ वाजता शटर अर्धं खाली आलं की दादा हिशेब मिटवतो आणि तिथे 'क्रिता' उघडतो. क्रिता हे चित्रकामाचं सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आणि चोरीचं नाही. ते जगभरच्या लोकांनी मिळून बनवलं आहे. जुना कॉम्प्युटर मोठ्या चित्राला दमतो, तेव्हा कागदाचा आकार कमी ठेवायचा. पुढे छापायचं असेल तर मात्र ए-फोर कागदाला २,४८० बाय ३,५०८ ठिपके लागतात, तो आकार आधीच घ्यायचा. लहान चित्र नंतर मोठं केलं की फाटक्या कापडासारखं विरळ दिसतं.

आणि लेयर. हा शब्द ऐकून घाबरू नका. साड्यांच्या पारदर्शक पिशव्या एकावर एक ठेवल्या तर खालची साडीही दिसते. लेयर म्हणजे तशी पिशवी. खालच्या पिशवीवर कच्चा खाका, तिच्यावर पक्की रेघ, तिच्याही खाली रंग. रंग चुकला तर तेवढी पिशवी बदला, रेघेला धक्का नाही. जिने भरतकामाचा छापा उमटवून वर टाका घातला आहे तिला हे दोन मिनिटांत कळतं. वहिनीला कळलं. ती आता मधूनच मागे उभी राहून सांगते, "याचा खालचा रंग एक घर गडद घे."

साधनांपेक्षा अवघड गोष्ट पुढे होती. चित्र झालं, आता दाखवायचं कोणाला?

आधी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. नऊ अंगठे आले आणि एका काकांनी विचारलं, "मुलगा आहे की मुलगी?" बस. चित्र काढणाऱ्याला एवढ्याने भागत नाही. गोष्ट ओळखणारं, केसांची बट चुकली हे सांगणारं माणूस लागतं. १९७५ च्या डिसेंबरात टोकियोत अशा लोकांनी पहिला बाजार भरवला. ३२ गट, सातशेच्या आसपास माणसं, आणि त्यांत बहुतेक शाळकरी मुली. आपापल्या आवडत्या पात्रांची स्वतः काढलेली, स्वतः छापलेली पुस्तकं घेऊन बसलेल्या. आज त्या कॉमिकेटला लाखोंनी लोक जातात. सौंसरच्या पोरीला टोकियो लांब. तिला इन्स्टाग्राम जवळ.

तिथे पाठवायचं तर कायदे ठरवावे लागले. वहिनीने आणि मी बसून ठरवले, भाचीने भांडून दोन बदलून घेतले. खातं वहिनीच्याही मोबाइलवर उघडं राहील. स्वतःचा चेहरा, शाळेचा गणवेश, घराचा पत्ता, फोन नंबर चित्राबरोबर जाणार नाही. 'तुझं चित्र विकत घेतो, आधी एवढे पाठव' असं म्हणणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही. पैशाची फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन करायचा. आणि स्वतःचं नाव नाही, टोपणनाव.

टोपणनावावरून ती रुसली. "मी काय चोरी करते?" म्हणाली. पण 'डेमन स्लेयर' ज्यांनी लिहिलं-काढलं ते कोयोहारू गोतौगे हेसुद्धा टोपणनावच आहे, हे तिलाच माहीत होतं. त्यांनी आपला चेहरा लोकांसमोर आणलेला नाही. स्वतःच्या जागी चष्मा लावलेली मगर काढतात. भाचीने मग स्वतःसाठी खार काढली. आमच्या अंगणातल्या संत्र्याच्या झाडावर असते तशी.

पाठवण्याची एक रीतही असते. चित्र कोणत्या मालिकेतलं, पात्र मूळ कोणाचं, ते खाली लिहायचं. दुसऱ्याच्या चित्रावरून रेघ उतरवली असेल तर तसं सांगायचं. दुसऱ्याचं चित्र त्याला न विचारता आपल्या पानावर लावायचं नाही. स्वतःच्या चित्रावर खूण आणि साल घालायचं. ही रीत मला अजिबात परकी वाटली नाही. कारंजाच्या मंदिरांतल्या हस्तलिखितांबद्दल तुम्ही ऐकलं असेल. आपल्या जुन्या पोथ्यांच्या शेवटी प्रशस्ती असते. ग्रंथ मूळ कोणाचा, कोणत्या गावी उतरवला, कोणत्या साली, लिहिणारा कोण, आणि कोणी लिहवून घेऊन दान दिला. दान देणाऱ्यांत कितीतरी श्राविका असतात. घरात ज्यांचं नाव कधी कोणी मोठ्याने घेतलं नसेल, त्यांची नावं पाच-पाचशे वर्षं पोथीच्या शेवटी राहिली. ग्रंथ त्यांनी रचला नव्हता. पण पुढे पाठवला होता.

भाचीचं एक चित्र चोरीला गेलं तेव्हा हे तिला सांगायचा प्रसंग आला. कोणीतरी कोपऱ्यातली खार कापली आणि चित्र आपल्या पानावर लावलं. तिच्या पानावर चाळीस लोकांनी पाहिलेलं, तिथे हजारांनी पाहिलं. ती जेवली नाही त्या रात्री. "चित्र घेतलं तर घेतलं, खार काहून कापली?" एवढंच म्हणत होती. आयबिस पेंट चित्र काढण्याचा सगळा प्रवास व्हिडिओत जपून ठेवतो, हे तेव्हा कामी आलं. लेयर असलेली मूळ फाइलही होती. तक्रार केली, चार दिवसांनी ते चित्र तिथून उतरलं. म्हणून सांगते, मूळ फाइल पुसू नका, आणि खूण कोपऱ्यात टाकू नका. ती कपड्याच्या घडीत, केसांत, चित्राच्या पोटात टाका.

विकण्याचा विषय निघतोच. एका वर्गमैत्रिणीने स्टिकर मागितले, वीस रुपयांना एक. दादाचे डोळे चमकले. पण पात्र दुसऱ्याचं आहे, त्याच्यावर हक्क त्याच्या मालकांचा. प्रेमाने काढणं आणि माल करून विकणं यात आपल्या कायद्यातही फरक आहे. विकायचं तर खार वीक, असं ठरलं. खारीचे सहा स्टिकर खपले.

मग २०२५ चा मार्च आला आणि सगळ्या ग्रुपांवर घिब्ली-घिब्ली सुरू झालं. फोटो टाका, मिनिटात जपानी चित्र तयार. लग्नाचे फोटो, तीर्थयात्रेचे फोटो, सगळ्यांचे गाल गुलाबी. तेच काका भाचीला म्हणाले, "बाई, तू महिनाभर बसते ते इथे एका मिनिटात होते." आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो. ती म्हणाली, "काका, पण मग महिनाभर मी काय करू?" आणि परत फळीवर वाकली. मला त्यात भर घालण्यासारखं काही वाटलं नाही.

त्या महिन्यात ती जे काढत होती, ते चित्र आमच्या पांढुर्ण्याच्या घरापर्यंत आलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. झेंडा काढायला जाणाऱ्यांवर दोन्हीकडून दगड. दरवर्षी शेकड्यांनी डोकी फुटतात, जीवही गेले आहेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी दगडच उचलले. गोष्ट सांगतात की पांढुर्ण्याच्या एका मुलाने सावरगावची मुलगी पळवून आणली, नदीच्या मधे दोन्ही गावांनी त्यांना गाठलं आणि दगड चालले. शेवटी झाड चंडीमातेच्या मंदिरात वाहतात. त्या दिवशी आम्ही शटर उघडत नाही. जपानी तलवारीची काळजी करणारं आमचं घर नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि हा दिवस आम्ही दार लावून काढतो.

भाचीने नदी काढली होती. मधे पळस, दोन काठांवर माणसं, तोंडं नाहीत, नुसते वर गेलेले हात. पाण्यात तंजिरो उभा, तलवार म्यानात. मूळ गोष्टीत त्याच्या अंगावर हिरव्या-काळ्या चौकड्यांचा झगा असतो. इथे त्याच्या झग्यावर बैलाच्या झुलीची नक्षी, आरसे आणि गोंडे. मूळ गोष्टीत तो आपल्या बहिणीला पाठीवरच्या लाकडी पेटीतून नेतो, उन्हापासून जपून. इथे पेटीचं दार थोडं उघडं आहे आणि आतून लुगडं नेसलेली एक मुलगी बाहेर बघते आहे. दगड तिच्याकडे येत आहेत आणि ती झाकलेली नाही, बघते आहे.

"सगळे झेंड्याचं सांगतात, आत्या. त्या मुलीचं कोणी सांगत नाही. तिचं नाव काय होतं?"

मला ठाऊक नव्हतं. मामाजींना विचारलं. सत्तर वर्षं या नदीकाठी राहिलेला माणूस. म्हणाले, नाव कोणाच्या तोंडून ऐकलं नाही.

हे चित्र पाठवायचं की नाही यावर आमच्याकडे दोन दिवस बैठक झाली. आमचे हे म्हणाले, "दोन्ही काठांची गिऱ्हाईकं आपली. परंपरेची गोष्ट आहे, कोणाला लागलं तर?" दादाने सौंसरहून फोन करून सांगितलं, आत्ताच नको, पोर लहान आहे. त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं, दुकान त्यांना चालवायचं आहे. भाची काही बोलली नाही. तिने मोबाइल मामाजींच्या हातात दिला आणि दोन बोटांनी चित्र मोठं कसं करायचं ते दाखवलं. मामाजींच्या कपाळावर भुवईच्या वर एक खाच आहे. विशीत ते गंमत बघायला काठावर उभे होते, तेव्हाची. ते चित्र इकडून तिकडे सरकवत राहिले. हात पाहिले, दगड पाहिले, पेटीपाशी थांबले. मग यांना म्हणाले, "कोनाले काय लागते? हिनं तं कोनाचं तोंडच नाही काढलं." आणि थोड्या वेळाने, "छापून आण. गल्ल्यामागं लावू."

ते छापलं, ए-फोरवर. आकार आधीच नीट घेतला होता. मोबाइलवरच्या चित्रात झुलीच्या आरशात खार लपलेली आहे आणि खाली मालिकेचं, गोतौगेंचं नाव. दुकानातल्या प्रतीवर मामाजींनी तिला पेन दिला आणि खाली पूर्ण नाव लिहायला लावलं. नाव, बापाचं नाव, मुक्काम सौंसर, साल. मी सांगितलं नव्हतं त्यांना प्रशस्तीचं.

बाया साडी बघता बघता मान वर करतात. पुरुष तंजिरोकडे बघतात, बाया पेटीकडे. सावरगावची एक म्हातारी परवा ब्लाउजपीस घ्यायला आली होती. किती वेळ बघत राहिली. मग विचारलं, "हे पोट्टं कोन्या गावचं?"

"जपानचं," मामाजी म्हणाले.

"आन् ही पेटीतली?"

"ही तुमच्या गावची."

म्हातारीने मान डोलावली, पिशवीत ब्लाउजपीस टाकला आणि जाताना पुन्हा एकदा वळून पाहिलं.

तुमच्या घरातल्या पोराने असं काही काढलं असेल, तर महाग साधनाचा निर्णय सावकाश घ्या. पेन्सिल आहे, मोबाइल आहे, पुढे जमलं तर तीन हजारांची फळी आहे. त्याआधी चित्र हातात घेऊन शेजारी बसा आणि विचारा, हा कोण आणि याचं पुढे काय होतं. आमच्या आईने विचारलं तसं.